वायूचा बंब आणि न्हाणीघर

पहांटे उठून बंब पेटविण्याची यातायात शहरांतील पुष्कळ घरांतून आतां गेली. गॅसच्या गीझरची तोटी फिरवितांच ऊन पाणी येतें. परंतु बंबांतील विस्तव डोळ्यांना दिसे, त्याचा धूर नाकास झोंबे. ह्या यंत्रांतील अग्नि झांकलेला असतो.

जोडणी जाणत्या, परवानाधारक कारागिराकडूनच करवावी. सिलिंडरांतील वायूचें यंत्र नळानें येणाऱ्या वायूस चालत नाहीं. दोहोंचा दाब भिन्न, यंत्रांतील छिद्रेंही भिन्न. शेगडीच्या रबरी नळीलाच फांटा काढून काम भागविण्याचा मोह आवरावा. सांध्यांवर साबणाचें पाणी फासावें. बुडबुडे उठले कीं गळती आहे असें समजून वायु बंद करावा, खिडक्या उघडाव्या, विजेचें बटण दाबूं नये. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अद्यापि आढळतात! सिलिंडरांतील वायु हवेहून जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो.

त्यास मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, म्हणून गळती नाकास कळते. पण ज्वालेस हवा अपुरी पडली कीं कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास ना रंग, ना वास. स्नान करणाऱ्यास घेरी येते, हांक मारण्याचें त्राण उरत नाहीं, आणि दाराची कडी तर आंतून लावलेली! सबब जोडणी कितीही निर्दोष असो, यंत्र न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत बसवावें. आंत आणावयाचा तो केवळ ऊन पाण्याचा नळ.