मुरड्याचे घराणे कोणते?

मिरचीची पाने आकसली की आपल्याकडे निदान एकच, मुरडा पडला. मराठीत त्याला बोकड्याही म्हणतात, कन्नडमध्ये मुटुरु रोग. भाषा कुठलीही असो, शेजारच्या अण्णांचा प्रश्न ठरलेला : "अक्का, कुठलं औषध मारू सांगा."

मी उलट विचारते, "पान कुठल्या बाजूला वळलंय?" कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे. खाली वळून उलट्या होडीसारखे पान झाले असेल तर कोळी. विषाणूचे झाड वेगळे दिसते : पाने लहान, शिरा जाड, पेरी जवळजवळ, शेंडा झुडपासारखा. हा विषाणू पांढरी माशी आणते. अशा झाडावर कोळ्याचे औषध मारले तर पैसे पाण्यात. एकदा विषाणू शिरला की झाड बरे होत नाही, ते उपटावेच लागते. रोपे बारीक जाळीखाली वाढवली तर निदान कोवळेपणी तरी माशी लांब राहते.

इथवर डोळ्यांनी भागते. टोमॅटोत पुढची पायरी अवघड आहे, कारण बोकड्या आणणारे विषाणूच अनेक. बेगोमोव्हायरस हा त्यांचा मोठा गोतावळा. त्यातले 'टोमॅटो लीफ कर्ल बंगलोर' आणि 'टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली' हे भाऊबंद झाडावर जवळपास सारखेच दिसतात. फरक कळतो प्रयोगशाळेत. बंगलोरवाल्याचा मुख्य संसार डीएनएच्या एकाच गोल तुकड्यात, दिल्लीवाल्याचा ए आणि बी अशा दोन तुकड्यांत. नवा सापडलेला विषाणू ओळखीच्या कुठल्याच विषाणूशी ९१ टक्के जुळला नाही, तर त्याला वेगळी जात मानतात. तुलना ए तुकड्याची होते.

नावातल्या गावावर मात्र जाऊ नका. आपल्यात बेळगावकर आडनावाचे कितीतरी लोक पुण्यात जन्मलेले असतात. दिल्लीचा विषाणू भोपळावर्गीय वेलींवरही येतो आणि २०१२ च्या सुमारास तो स्पेनमध्ये झुकिनीवर सापडला.

ही घराणी ओळखण्याचा खरा उपयोग बियाण्यात आहे. टीवाय-२ नावाचा प्रतिकारक जीन असलेले टोमॅटो दक्षिणेत बंगलोरच्या विषाणूपुढे टिकले. उत्तरेत दिल्लीवाल्यापुढे तेच वाण हरले. म्हणून दुकानात 'व्हायरस रेझिस्टंट' असे छापलेले पाकीट पुढे आले की मी एवढेच विचारते, "कुठल्या व्हायरसला?" दुकानदार पाकीट उलटून पाहतो आणि मग मलाच विचारतो, "म्हणजे अनेक असतात होय, अक्का?"