चार स्क्रूंमागची पेन्सिल

1950च्या दशकातल्या फेंडर गिटारची दांडी उतरवायला फार खटाटोप लागत नाही. मागे धातूची एक चौकोनी पट्टी असते, तिच्यात चार स्क्रू. ते काढले की दांडी धडापासून सुटते आणि तिच्या बुडाशी, कोऱ्या लाकडावर, पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी दिसतं. पुष्कळदा 'टीजी' ही दोन अक्षरं आणि शेजारी तारीख. टीजी म्हणजे तादेओ गोमेझ, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात दांड्या घडवणारा कारागीर. जुन्या फेंडरचा विषय निघाला की मला आधी ही पेन्सिल आठवते.

दांडी अशी सुटी होते, कारण हे वाद्य एका दुरुस्तीवाल्याने योजलं. लिओ फेंडर यांचा जन्म 1909चा. शिक्षण हिशेबाचं. मंदीत नोकरी गेली आणि 1938मध्ये त्यांनी फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वादक बिघडलेले अँप्लिफायर घेऊन दुकानात यायचे आणि कुठे काय मोडतं हे त्यांना टेबलावरच कळायचं. तोवरच्या चांगल्या गिटारांची दांडी सरसाने कायमची जोडलेली असे. ती वाकली की वाद्य कारागिराकडे पडून राही आणि वादकाची रोजी बुडे. लिओंनी दांडी स्क्रूने बसवली. बिघडली तर दुसरी लावा, संध्याकाळी कार्यक्रमाला जा. धड म्हणजे ॲश लाकडाची भरीव फळी.

1950मध्ये या गिटारचं नाव ब्रॉडकास्टर ठेवलं, तर ग्रेच कंपनीने हरकत घेतली. त्यांच्या ड्रमचं नाव जवळपास तेच होतं. छापून ठेवलेली लेबलं फेकायची कशी? कारखान्यात त्यांवरचं मॉडेलचं नाव कापलं आणि नुसतं 'फेंडर' चिकटवून माल पाठवला. टेलिकास्टर हे नाव पक्कं होईपर्यंतच्या 1951मधल्या या बिननावाच्या गिटारांना संग्राहक 'नोकास्टर' म्हणतात आणि जीव टाकतात.

माझ्या मते मात्र लिओंचं सर्वांत मोठं काम खर्जाच्या वाद्याचं, म्हणजे बासचं. माणसाहून उंच डबल बास गाडीवर बांधून न्यायचा, आणि एवढं करून बँडच्या गोंगाटात तो ऐकूच येत नसे. शिवाय त्याला पडदे नाहीत. सारंगीसारखी सुराची जागा बोटाने शोधायची. 1951च्या प्रिसिजन बासला 34 इंचांच्या तारा होत्या आणि सतारीसारखे पडदे. सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. खांद्याला अडकवा, अँप्लिफायरला जोडा, उभ्याने वाजवा. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन यांनी याच बासवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने, अशा चाली वाजवल्या की लोकप्रिय संगीताचा खालचा मजला स्वतंत्रपणे ऐकू येऊ लागला. जुन्या तारा ते सहसा बदलत नसत. तारांवरच्या मळातच आपला नाद आहे, अशी त्यांची श्रद्धा.

कारखान्यात मेक्सिकन वंशाचे कामगार पुष्कळ होते, बायकाही पुष्कळ. अबिगेल इबारा 1956मध्ये कामाला लागल्या आणि पुढे पिकअपच्या गुंडाळीसाठी नावाजल्या. तारांची कंपनं टिपणारा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सुमारे 8,000 वेढे. यंत्र फिरायचं, पण तार बोटांनी सांभाळायची. जरा घट्ट, जरा सैल. म्हणून एकाच आठवड्यात बनलेल्या दोन गिटारांचा आवाजही तंतोतंत सारखा नसतो. आतल्या जोडण्यांना डाख देणाऱ्या बायकांची नावंही खोबणीतल्या मास्किंग टेपवर सापडतात: मेरी, ग्लोरिया, आणि पुढे तारीख. हे तपासणीपुरतं लिहिलेलं. साठ-सत्तर वर्षांनी कोणी ते वाचेल, हे त्यांच्या मनातही नसेल.

1962मध्ये दांडीवर पेन्सिलीच्या जागी रबरी शिक्का येऊ लागला. जानेवारी 1965मध्ये प्रकृतीने त्रासलेल्या लिओंनी कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली. त्याआधीच्या वाद्यांना 'प्री-सीबीएस' म्हणतात आणि त्यांच्या किमती ऐकून धडकी भरते. साहजिकच बनावटही खूप. म्हणून जाणकार व्यापारी चकाकीकडे किंवा लेबलाकडे बघून भुलत नाही. तो तारा सैल करतो, वाद्य पालथं घालतो, चार स्क्रू काढतो आणि दांडीचं बूड उजेडाकडे धरतो.