गिटार : एकट्याने शिकावी की गुरूकडे?

परीक्षा संपल्या की अनेक घरांत गिटारची मागणी होते. यवतमाळ जिल्ह्यात ती पुरी करताना पालकांपुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : शिकवणार कोण? जिल्ह्याचे १६ तालुके दूरवर पसरलेले आहेत. वणी किंवा उमरखेडहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटर. आठवड्यातून दोनदा एवढा प्रवास कोणत्याही कुटुंबाला झेपणारा नाही. साहजिकच मोबाइलवरील चित्रफिती हाच गुरू ठरतो. पुढे बोटे दुखू लागतात, तारा खरखरतात आणि काही महिन्यांत वाद्य कपाटावर जाते. पैसे वाया जातात ते वेगळेच. परंतु ‘आपल्याला संगीत जमतच नाही’ हा समज मुलाच्या मनात घर करतो, ती हानी अधिक मोठी.

स्वतःच्या बळावर वाद्य शिकता येत नाही, असे मात्र नाही. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे हार्मोनियम बव्हंशी स्वतःच शिकले. परंतु गायकीची तालीम त्यांनी भास्करबुवा बखले यांच्याकडून घेतली. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारवर रागसंगीत आणले. त्यांनी शिष्यत्व पत्करले ते सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ मधील ध्वनिमुद्रिका आजही आवडीने ऐकली जाते. दोघांनीही संगीत गुरूकडून घेतले. तो गुरू त्यांच्याच वाद्याचा असला पाहिजे, असा आग्रह मात्र धरला नाही.

या उदाहरणांतून लहान गावांतील पालकांना वाट सापडू शकते. गिटार शिकण्याचे दोन भाग असतात : संगीत आणि हात. संगीतासाठी गिटारचाच शिक्षक हवा, असे नाही. शाळेतील संगीतशिक्षक स्वरज्ञान देऊ शकतात; भजनी मंडळातील तबलजी लय पक्की करून घेऊ शकतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचा वारसा लाभलेल्या विदर्भात लयीचे शिक्षण दुर्मीळ नाही. ज्याचा ठेका स्थिर आहे आणि बेसूर तार ज्याच्या कानाला खटकते, त्याला चित्रफितीतून पुष्कळ शिकता येते.

हाताचे मात्र वेगळे आहे. आपण चित्रफीत पाहतो. चित्रफीत आपल्याला पाहत नाही. बोट पडद्याच्या अगदी मागे, त्याला लगटून टेकले तर थोड्या दाबाने स्वर स्वच्छ येतो. दोन पडद्यांच्या मधोमध टेकले तर अधिक जोर लावूनही तार खरखरू शकते. मनगट फार मुडपले तर वेदना सुरू होतात. कधी दोष वाद्याचाच असतो : तारा पडद्यांपासून फार उंच असल्या, तर मोठ्यांचीही बोटे थकतात. जाणकाराला हे पाहताक्षणी कळते. एकट्याने शिकणारे मूल मात्र स्वतःलाच दोष देते. पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबण्याची ‘एफ’ कॉर्ड आली की अनेकांची उमेद खचते, ती यामुळेच.

म्हणून सुटीत यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर येथे नातेवाइकांकडे राहून पहिले आठ-दहा धडे समोरासमोर घ्यावेत. वाद्याची खरेदीही शक्यतो शिक्षकांच्या सल्ल्यानेच करावी. घरी परतल्यावर रोज वीस मिनिटे नियमित सराव करावा. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा तो अधिक फलदायी ठरतो. सरावापूर्वी तारा जुळवाव्यात, महिन्यातून एकदा स्वतःचे वादन चित्रित करून शिक्षकांना दाखवावे आणि अडलेले प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून तडकू नये म्हणून वाद्य पेटीत, उन्हापासून दूर ठेवावे.

एकांतातील सरावाला पर्याय नाही. कोणताही गुरू तो शिष्याच्या वतीने करू शकत नाही. मात्र चुकीची सवय हातात मुरण्याआधी ती दाखवून देणारे कोणी तरी असले पाहिजे. गिटार घेण्यापूर्वी पालकांनी किमतीइतकीच चौकशी याचीही करावी : आपल्या मुलाचा हात अधूनमधून पाहणार कोण?