पाचशे अकरा सामने जिंकणारा शेतकरी

क्रिकेट तुमच्या मुलांना तोंडपाठ आहे. आज बेसबॉल या अमेरिकन खेळातल्या एका गोलंदाजाची हकिकत सांगतो. गडी शेतकऱ्याच्या घरातला, म्हणून मुद्दाम.

डेंटन ट्रू यंग १८६७ साली ओहायो राज्यातल्या गिल्मोर या खेड्यात जन्मला. शाळा सहावीपर्यंत. पुढे शेतीची कामे आणि लाकडे फोडणे. १८९० साली कँटन गावच्या संघात तो आला, तेव्हा त्याच्या चेंडूंनी कुंपणाच्या फळ्या निखळल्या. वादळच आले जणू! इंग्रजीत वादळाला सायक्लोन म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले ‘साय’. त्याच वर्षी क्लीव्हलंडच्या मोठ्या संघाने त्याला घेतले.

या खेळात गोलंदाज धावत येत नाही. जागेवर उभा राहून, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. सगळा भार खांद्यावर आणि कमरेवर. १८९३ साली फेकीचे अंतर वाढवून साडेसाठ फूट केले, म्हणजे आपल्या खेळपट्टीपेक्षा थोडेसेच कमी. पुष्कळांची फेक त्यामुळे बिघडली. यंगने आदल्या वर्षी ३६ सामने जिंकले होते, त्या वर्षी ३४ जिंकले.

१९०४ च्या मे महिन्यात बोस्टनकडून खेळताना त्याने फिलाडेल्फियाचे सत्तावीस फलंदाज ओळीने बाद केले. एकालाही पहिल्या थांब्यापर्यंत पोचू दिले नाही. तेव्हा वय ३७!

बावीस वर्षांत ५११ विजय. त्याच्या खालोखालचा वॉल्टर जॉन्सन ४१७ वर थांबला. यंग हरलाही तीनशेहून अधिक सामने, हे मात्र कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. सुरू केलेल्या ८१५ सामन्यांपैकी ७४९ त्याने शेवटपर्यंत एकट्याने टाकले. आज एखाद्याने वर्षात दोन-तीन टाकले तरी चर्चा होते.

हात इतका टिकला कसा? हिवाळ्यात तो घरच्या शेतावर राबे आणि सामन्यापूर्वी सरावाचे चेंडू मोजकेच टाकी. माझ्या मते दुसरे कारण अधिक मोलाचे. बैलाची ताकद बांधावरच संपवून त्याला औताला जुंपणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

शेवटी दगा दिला तो पोटाने! फलंदाज चेंडू हलकेच पायाशी टाकून पळत आणि सुटलेल्या पोटामुळे यंगला वाकता येईना. १९११ चा हंगाम त्याचा अखेरचा ठरला. मग पियोली गावाजवळच्या शेतावर तो बटाटे, मेंढ्या, कोंबड्यांत रमला. १९५५ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी तो वारला. पुढच्याच वर्षापासून उत्तम गोलंदाजाला त्याच्या नावाचे पारितोषिक देऊ लागले. ते अजून देतात.