वादळाचं पाणी हडपसरला कुठे पसरणार?

28 ऑक्टोबर 2025 च्या रात्री 'मोंथा' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलं, त्याचे अवशेष तेलंगण-छत्तीसगडकडे सरकले आणि पुण्यात तो विषय मागे पडला. हडपसरकरांनी मात्र तो इतक्यात सोडू नये. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातलीच एक प्रणाली काकिनाड्याजवळ जमिनीवर आली, हैदराबादला झोडपून सरळ पश्चिमेकडे निघाली. 14 ऑक्टोबरला पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. त्याच रात्री पुण्यातल्या रस्त्यांचे ओढे झाले. वाऱ्याचा जोर किनाऱ्यावरच ओसरतो, पण पाऊस शेकडो किलोमीटर आत पोचतो.

वादळाचं पाणी झाडांचा पट्टा थोपवू शकतो. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या ज्या गावांपुढे खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता, तिथे माणसं कमी मेली, हे पुढे अभ्यासातून दिसलं. पुण्याला समुद्र नाही, पण मुंढव्यापासून मांजरी, कवडीपर्यंत मुळा-मुठेच्या दोन्ही काठांना जी मळई आहे, ती आपली खारफुटीच म्हणायची. वाळुंजाची झाडं, पाणकणसाची बेटं, लव्हाळा, गाळाची सपाट जमीन. पूर आला की पाणी आधी इथे पसरतं, खोडापानांत अडखळतं, वेग हरवतं आणि उशिरा, थोडं थोडं करून पुढे जातं. कवडीच्या पाटावर हिवाळ्यात चक्रवाक आणि थापट्या बघायला लोक पहाटे दुर्बिणी घेऊन येतात. ज्या उथळ पाणथळीसाठी हे पक्षी येतात, तीच पावसाळ्यात पुराला जागा देते.

ती जागा आता आक्रसते आहे. एकीकडे राडारोडा: रात्री डंपर येतो, सकाळी काठ चार हात पुढे सरकलेला असतो. दुसरीकडे नदीकाठ सुधार प्रकल्प. मार्च 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालेल्या या 44 किलोमीटरच्या योजनेचं काम सुरुवातीच्या टप्प्यात हाती घेतलं गेलं ते नेमकं बंडगार्डन ते मुंढवा या पट्ट्यात, म्हणजे हडपसरच्या वरच्या अंगाला. प्रवाहातले अडथळे निघाले की पूरपातळी वाढणार नाही, हा महापालिकेचा युक्तिवाद. तो मला पटत नाही. अडथळे काढून, भराव घालून पाणी वेगाने पुढे ढकललं, तर पुढे कोण आहे? केशवनगर, साडेसतरा नळी, मांजरी. ही गावं 2017 आणि 2021 मध्ये पालिकेत आली. नदी सरळ करण्याची किंमत त्यांनी का मोजायची?

नेदरलँड्समध्ये धरणं-बांध बांधण्यात हयात घालवलेल्या लोकांनी 1993 आणि 1995 च्या पुरानंतर उलटा विचार केला. नाइमेखन शहरासमोर वाल नदी अरुंद होते. तिथे त्यांनी बांध उंच केला नाही, सुमारे 350 मीटर मागे नेला. काठावरची घरं हलवली, मधल्या जागेत नदीला दुसरा प्रवाह खोदून दिला. पुराची पातळी त्यामुळे सुमारे 35 सेंटिमीटरने उतरली. घरं सोडणाऱ्यांना ते सोपं गेलं नसणारच, तरी त्या देशाने जमीन परत नदीला दिली. आपण अजून नदीकडून घेतोच आहोत.

आणि एकदा घेतली की परत देणं किती अवघड, हे अमेरिकेतलं लुईझियाना सांगतं. 2005 च्या कतरिना चक्रीवादळानंतर तिथे किनाऱ्याची दलदल पुन्हा उभी करायचं ठरलं. मिसिसिपीचा गाळ वळवून जमीन घडवण्याची सर्वात मोठी योजना जुलै 2025 मध्ये, कोट्यवधी डॉलर खर्चून झाल्यावर, राज्यानेच गुंडाळली. हडपसरची मळई अजून जिवंत आहे. ती वाचवायला अशा खर्चाची गरज नाही: मुंढव्याच्या खाली भराव नको, निळ्या पूररेषेच्या आत पडलेला राडारोडा उचलायचा आणि भैरोबा नाल्यासारख्या ओढ्यांची तोंडं मोकळी ठेवायची.

हे काम करायला चांगला काळ म्हणजे पावसाळा संपल्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा. नदीत पाणी कमी असतं, काठापर्यंत यंत्रं पोचतात आणि टाकलेला भराव उघडा दिसतो. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मेलाच पुण्यात पोचला होता, तेव्हा जूनची वाट बघत बसणं परवडणार नाही.