छेद शहाण्णव, स्थाने एकोणतीस

आगमांतील प्रचंड संख्यांचे उल्लेख आपण प्रवचनांत ऐकतो, आदराने मान डोलावतो आणि तेथेच थांबतो. त्यांपैकी एक संख्या मात्र कागद-पेन्सिल घेऊन स्वतः पडताळावी अशी आहे. अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यांच्या संख्येचा विचार करताना ती येते. आजच्या जनगणनेशी तिची सांगड घालण्याचे कारण नाही. तिचा संदर्भ आगमातील लोकरचनेचा आहे. येथे विचार करायचा तो तिच्या गणिताचा.

सूत्रात या संख्येची ओळख अनेक प्रकारे दिली आहे. दोनच्या सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणावे, हा एक प्रकार. जी ९६ वेळा निम्मी करता येते ती, हा दुसरा. जी २९ स्थाने व्यापते ती, हा तिसरा.

दोनचा पहिला वर्ग ४, दुसरा १६, तिसरा २५६, चौथा ६५,५३६. पाचवा ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. या अखेरच्या दोहोंचा गुणाकार असा :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

अंक मोजा, बरोबर २९ भरतात. पाचवा वर्ग ३२ वेळा निम्मा होतो, सहावा ६४ वेळा, बेरीज ९६. खातेवहीतील बेरीज उभी आणि आडवी अशी दोन्हीकडून जुळावी, तशी ही वर्णने परस्परांशी जुळतात. नवांच्या शेषानेही ताळा घेता येतो. पाचव्या वर्गाचा शेष ४, सहाव्याचा ७. गुणाकार २८, म्हणजे शेष १. उत्तरातील अंकांची बेरीज १२७. तिचाही शेष १.

या संख्येचे आणखी काही गुण आहेत. सहावा वर्ग म्हणजे पाचव्याचाच वर्ग. म्हणून ही संख्या पाचव्या वर्गाचा पूर्ण घन ठरते. तिला ९७ विभाजक आहेत आणि ती स्वतः वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्याहून नेमकी एकाने कमी भरते. आठ या लहान संख्येवर हे सहज पाहता येते : १, २ आणि ४ मिळून ७.

निम्मे करण्याच्या या मोजणीला आचार्य वीरसेनांनी धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे गुणकांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियम त्यांना ज्ञात होता. युरोपात नेपियरचा लॉगरिदमवरील ग्रंथ १६१४ मध्ये आला. धवला त्याच्या कित्येक शतके आधीची. तीच धवला डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून आपल्या अमरावतीहून प्रकाशित होऊ लागली.

अनुयोगद्वार श्वेतांबर परंपरेचे, धवला दिगंबर परंपरेची. ९६ चा हिशेब मात्र दोन्हींकडे एकच. वाचकहो, या वारशाचा अभिमान अवश्य बाळगावा; पण घरातील मुलांना तो सांगताना हा गुणाकार त्यांच्याकडून एकदा करवून घ्यावा. पडताळून पाहिलेला अभिमानच टिकतो.