जंजिऱ्याच्या बदल्यात सचिन

सुरतेजवळचं सचिन आज कारखान्यांमुळे ओळखलं जातं, पण या संस्थानाचा जन्म एका करारातून झाला. १७८४ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी अब्दुल रहीम वारला. वारस मुलगा बालूमियाँ, पण किल्ला बळकावला सिद्दी जौहरने. (पन्हाळ्याला वेढा घालणारा जौहर तो हा नव्हे.) बालूमियाँ पुण्याला आला. ६ जून १७९१ ला पेशव्यांशी करार झाला : जंजिऱ्यावरचा हक्क त्याने पेशव्यांना द्यायचा, बदल्यात सुरतेजवळची वर्षाला ७५,००० रुपये उत्पन्नाची गावं घ्यायची.

गावं मिळाली. किल्ला मात्र पेशव्यांच्या हाती आलाच नाही. मग करार मोडला कुणी? बालूमियाँने हक्क दिला होता, ताबा त्याच्याकडे नव्हताच. आणि किल्ला ज्यांच्या ताब्यात होता, ते तर करारात कुठेच नव्हते. आज खाणपट्टा पुढे घेण्याचा हक्क आधीच पैसे मोजून राखून ठेवतात, तेव्हाही भांडण इथेच अडतं : देणाऱ्याच्या हातात जमीन आहे का? पेशव्यांनी ती जोखीम पत्करली आणि नुकसान सोसलं. पेशवाई १८१८ मध्ये संपली; जंजिरा आणि सचिन मात्र १९४८ पर्यंत टिकले आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात विलीन झाले.